जुन्नरच्या पावसात घोडा घेऊन

आधी खिसे रिकामे करा. मोबाईल, गाडीची किल्ली, वाचायचा चष्मा, सगळं इथेच राहू द्या. मराठीही इथेच ठेवायची आहे, आणि तेच सगळ्यांत जड जाईल. जिथे चाललोय तिथे चारही बाजूंनी ती कानावर पडणार. तुम्हाला मात्र त्यातलं अक्षर कळता कामा नये.

तुम्ही आता वोल्गा नदीकाठच्या त्वेर शहरातले व्यापारी आहात. नाव अफनासी, बापाचं नाव निकिता, म्हणून निकितीन. घरून माल घेऊन निघालात तो अस्त्राखानपाशी तातारांनी लुटला. त्या लुटीत तुमची धर्मपुस्तकंही गेली. तेव्हापासून सण कधी आणि उपास कधी याचा तुम्हाला पत्ता लागत नाही. साल 1470 च्या आगेमागचं आहे. तुम्ही 1469 साली हिंदुस्थानात उतरलात की 1471 साली, यावर अभ्यासकांचा वाद आहे, आणि ज्याने तो मिटवायचा ते तुम्ही स्वतःच तारखांच्या बाबतीत अंदाजपंचे आहात. वास्को द गामा कालिकतला लागायला अजून पाव शतकाहून जास्त अवकाश आहे.

होर्मुझ सोडल्यापासून सहा आठवडे समुद्रावर गेले. बरोबर एक घोडा आहे. तुमची सगळी पुंजी त्या चार पायांवर उभी आहे.

चौलच्या बंदरात उतरा. पायाखालची जमीन थोडा वेळ डोलेल. उतरल्या उतरल्या तुम्ही लोकांकडे बघायला लागता: पुरुषांच्या अंगावर कमरेचं फडकं सोडून काही नाही, डोकी उघडी, बायकांच्या छात्या उघड्या, केसांची एकच वेणी. सरदार म्हणावा तर त्याच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक. त्याचे ढालतलवारवाले शिपाईसुद्धा अनवाणी. हे सगळं तुम्ही वहीत लिहिणार. पण मान वळवून मागे पाहा. तुमच्या मागे माणसांची रांग लागली आहे. कोळीवाड्यातली पोरं, हमाल, डोईवर पाटी घेतलेल्या बायका, सगळे तुमच्या चालीने चालताहेत. थांबलात की थांबतात. गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं, असं तुम्ही सरळ नोंदवता. जिथे जावं तिथे हीच गर्दी.

मला हा निकितीन आवडतो तो इथेच. पुढे आलेल्या कितीतरी साहेबांच्या दैनंदिन्यांत आपली माणसं दिसतात, पण आपल्या माणसांना साहेब कसा दिसत होता याची एक ओळ सापडत नाही. हा गडी दोन समुद्र ओलांडून तमाशा बघायला आला आणि पहिल्याच मुक्कामी स्वतः तमाशा झाला. आणि त्याने ते लपवलं नाही.

चौलहून पालीला आठ दिवस. पालीहून उमरी म्हणून एक गाव, तिथवर दहा. उमरीहून जुन्नरला सहा. आज चौलला सकाळी डबा भरून निघालात तर दुपारच्या जेवणाला जुन्नरला पोचाल, मध्ये माळशेजला भजी खाऊनसुद्धा. तुम्हाला चोवीस दिवस लागतात. घाट कोणता चढलात ते वहीत नाही. नुसतं 'डोंगर' लिहून मोकळे झालात. घाट चढताना तुमची नजर निसर्गावर नव्हतीच. ती घोड्याच्या खुरांवर होती. एखादा निसटता दगड, एक मुरगळलेला पाय, आणि त्वेरपासूनची सगळी वाट पाण्यात.

आणि हे जुन्नर. तुम्ही आत्ताचं जुन्नर मनात आणून येऊ नका. ज्या किल्ल्यासाठी तुमच्या ओळखीचं जग इथे येतं, त्या शिवनेरीवर अजून कोणाचा पाळणा हललेला नाही. त्याला 160 वर्षं अवकाश आहे. निजामशाहीसुद्धा जन्मायची आहे. राज्य बहमनींचं, राजधानी बीदर. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली असं आपण ऐकतो, ती याच बीदरच्या बादशहाची. लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी मात्र तेव्हाही जुनीपुराणीच आहेत. तुम्ही त्यांचं नाव काढत नाही. तुम्हाला दिसतो तो कडा. हे नगर कोणी बांधलेलं नाही, देवानेच दगडाचं केलं आहे, असं तुम्ही लिहिता. वर जायला एका वेळी एकच माणूस मावेल एवढी वाट, दोघांना जागा नाही. किल्ला आणि खालची पेठ तुमच्या लिहिण्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. नवख्याचं असंच होतं. त्याला जे उंच दिसतं तेच तो गावाचं नाव समजतो.

मग पाऊस लागतो. तुमच्या हिशेबाने ख्रिस्ती त्रैक्याच्या सणाला, म्हणजे साधारण मृगाच्या तोंडावर. तुम्ही त्याला हिवाळा म्हणता, कारण तुमच्या देशात जो ऋतू माणसाला घरात कोंडतो तो हिवाळाच. इथे कोंडणारा ऋतू हा. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, एवढंच तुम्ही लिहिता. त्या एका वाक्यात जुन्नरच्या पश्चिमेकडचा सगळा मावळपट्टा बसला आहे. सकाळ होते ती उजेडाने नाही, नुसती रात्र फिकट होते. सह्याद्रीवरून ढग खाली उतरतात आणि शिवनेरीचा माथा दिवसच्या दिवस दिसेनासा होतो. कुकडी लाल होऊन वाहते. अंगावरचं वाळत नाही, चूल धड पेटत नाही, चामड्याच्या खोगिरावर हिरवी बुरशी धरते. आणि ज्या आकाशावर तुमची सारी भिस्त, तेच मिटलेलं. पुस्तकं गेल्यावर तुम्ही ताऱ्यांवर दिवस मोजायला लागला होतात. पुढे बीदरला ईस्टर कधी आला हे तुम्ही कृत्तिका कुठे गेल्या यावरून ताडणार आहात. जुन्नरच्या आषाढात कृत्तिका कुठल्या आणि काय कुठल्या!

गाव मात्र घरात बसलेलं नाही. हीच गोष्ट तुम्हाला चमत्कारिक वाटते. तुमच्याकडे हिवाळा म्हणजे नांगर टांगून ठेवायचे दिवस. इथे ह्याच दिवसांत माणसं शेतात. डोक्यावर इरलं घेऊन वाकलेल्या बायका दुरून पाठीवर घर घेतलेल्या कासवांसारख्या दिसतात. भात चालला आहे, डाळीदाणे चालले आहेत. गहू याच दिवसांत पेरतात असंही तुम्ही लिहून ठेवलं आहे. त्यावर इथला शेतकरी हसेल, गहू रब्बीचा. पण परक्याने बांधावरून पाहून लिहिलेल्या नोंदीत एवढं चालायचं.

तुम्ही धर्मशाळेत उतरला आहात. पाऊस पडतोय, हात गारठलेत, आणि तुमच्या आतला एकविसाव्या शतकातला माणूस सवयीने चहा शोधतो आहे. चहा नाही. या पंचक्रोशीत कोणी चहाचं नावही ऐकलेलं नाही. बरं, निदान मिरचीचा ठेचा? मिरचीही नाही, ती अजून अटलांटिकच्या पलीकडे आहे, आणि कोलंबस अजून कोवळा तरुण आहे. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, मका नाही. साबुदाण्याच्या खिचडीचा तर विचारच सोडा. जिभेला चटका हवा असेल तर मिरी, सुंठ, मोहरी. भात, डाळ, पालेभाजी, तेल. तंबाखूसुद्धा नाही, त्यामुळे पडवीत बसलेल्या चार म्हाताऱ्यांचे हात मोकळे आहेत आणि ते नुसतेच तुमच्याकडे बघताहेत. मोठ्या नारळांत ही माणसं दारू करतात, असं तुम्ही टिपलं आहे. धर्मशाळेतल्या बायका पाहुण्यांचं कुठवर आदरातिथ्य करतात याबद्दलही तुम्ही काही भलतंच लिहिलं आहे. ते मी ऐकीव म्हणून बाजूला ठेवतो. वाटसरूंच्या गप्पांत असल्या गोष्टी सगळ्या देशांत फिरतात.

इथे काय बोललं जातं ते तुम्ही ऐका, पण चेहऱ्यावर दाखवू नका. भाषा आपलीच, तरी कानाला अर्धीच लागते. आजच्या बोलण्यापेक्षा ज्ञानेश्वरीला जवळची. रांधणारी बाई घोड्याकडे हात करून काही म्हणते आणि बाकीच्या हसतात. अर्थ लावायला शब्द लागत नाहीत. या माणसाच्या आधी त्याचा घोडा जेवतो, एवढंच ती म्हणाली असणार.

आणि खरंच तसं आहे. घोड्याची चंदी बघा. हरभरा रात्री भिजत घालायचा. सकाळी तो टपोरा झाला की पाणी काढून तोबऱ्यात भरायचा आणि तोबरा तोंडाला बांधायचा. मग कुडूम कुडूम असा एकसुरी आवाज, पावसाच्या आवाजात मिसळलेला. एवढ्यावर भागत नाही. मोठ्या भांड्यात खिचडी शिजवायची, तिच्यात साखर आणि तेल घालायचं, गार करायची, आणि गोळे करून घोड्याला भरवायची. तुम्ही वहीत हे लिहिता तेव्हा तुमच्या देशी कोणाचा विश्वास बसणार नाही, कारण त्वेरमध्ये घोडा गवत आणि ओट खातो आणि साखर श्रीमंताच्या घरी दिसते. पण इथे गवत आहे ते पाणी प्यालेलं, पोट बिघडवणारं. दमट हवेत परदेशी जनावर झडतं. खूर सतत ओले राहिले की आतून कुजायला लागतात. म्हणून तुम्ही दिवसातून दोनदा एकेक पाय गुडघ्यावर घेऊन चिखल खरवडता, नाक लावून वास घेता, राख दाबता. खरारा करताना हाताला बरगड्या लागतात का हे चाचपता. लागल्या तर रात्री झोप नाही.

या मुलुखात घोडे जन्मत नाहीत, असं तुम्ही लिहिता. बैल आणि म्हशी जन्मतात. त्यांच्यावरच लोक बसतात, त्यांच्यावरच ओझी लादतात. पुढे भीमेच्या काठी जी काटक तट्टं निपजली आणि ज्यांच्या पाठीवरून मराठ्यांनी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, ती दूरची गोष्ट. आत्ता दख्खनला चांगला घोडा म्हणजे अरबी समुद्र ओलांडून आलेला घोडा. बहमनींना विजयनगरशी लढायला तो हवा आणि विजयनगरला बहमनींशी लढायला तो हवा. याच दिवसांत बहमनींचा वजीर महमूद गावान, ज्याला तुम्ही मलिक-उत-तुज्जार या किताबाने ओळखता, कोकणातले किल्ले घेण्याच्या मोहिमेवर आहे. विशाळगडाला तेव्हा खेळणा म्हणत, तो त्यातलाच एक. हा गावानही मुळात इराणातून व्यापारी म्हणून आलेला आणि दाभोळला उतरलेला. म्हणजे घोड्याचा सौदा करत आलेला परदेशी माणूस इथे वजीर होऊ शकतो, हे तुमच्यासमोर जिवंत उदाहरण आहे. तुमचा घोडा तुम्हाला जुन्नरपर्यंत शंभर रूबलला पडला. तो कुठे विकला जाईल आणि केवढ्याला, याच्यापुढे तुम्हाला शिवनेरीचा कडा काय आणि कुकडीचा पूर काय.

जुन्नरचा अधिकारी असदखान, मलिक-उत-तुज्जारच्या हाताखालचा. एक दिवस त्याची स्वारी पेठेतून जाते. हत्ती आहेत, घोडे आहेत, पण खान माणसांच्या खांद्यांवर. भोई चिखलात पिंढरीपर्यंत रुतलेले आणि पालखी मात्र तसूभर कलत नाही. त्या वेळी तुम्ही भिंतीला लागून उभे असता. घोड्याचा लगाम हातात असतो. खानाची नजर घोड्यावर पडते. तुमच्याकडे त्याने पाहिलंच नसेल.

घोडा जातो.

तो कसा नेला, कोण आलं, काय बोललं, याचा तपशील तुम्ही देत नाही. एवढंच, की खानाने घोडा घेतला आणि तुम्ही मुसलमान नसून रशियन आहात हे त्याला कळलं. मग निरोप येतो. आमच्या धर्मात ये. घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही ठेवून घेतो आणि हजार मोहरा तुझ्या डोक्यावर बसवतो. मुदत चार दिवस.

ते चार दिवस तुम्हाला काढायचे आहेत, म्हणून जरा थांबा. रोज पहाटे सवयीने तुम्ही हरभऱ्याचं भांडं ओढता आणि मग आठवतं. पाऊस तसाच. शेजारच्या पडवीतले लोक तसेच बघताहेत, पण आता त्यांची नजर बदललेली. बातमी गावात फिरली आहे. तुमच्याकडे पुस्तक नाही, पाद्री नाही, तुमच्या भाषेत 'अरे' म्हणणारा एक माणूस हजार कोसांत नाही. उपास चालू आहे असा तुमचा अंदाज. तो चुकलाही असेल. तरी तुम्ही उपास धरता. काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवायला माणसाला चार दिवस पुरतात का? हजार मोहरा म्हणजे तुमचं कर्ज, तुमची लुटलेली नाव, तुमचा परतीचा रस्ता, सगळं भागलं असतं. घरी कळलंही नसतं.

मुदत संपत आलेली असताना, तारणहाराच्या सणाच्या आदल्या दिवशी, खोरासानचा ख्वाजा महंमद नावाचा एक मातबर गृहस्थ जुन्नरला येतो. तुम्ही त्याचे पाय धरता. तो घोड्यावर बसून खानाकडे जातो, तुमच्यासाठी रदबदली करतो आणि दोन्ही मिळवून आणतो: तुमचा धर्म आणि तुमचा घोडा. मुसलमान अधिकाऱ्याने घातलेल्या पेचातून मुसलमान सावकारच सोडवतो. वहीत तुम्ही याला देवाचा चमत्कार म्हणता, आणि पुढच्याच दमात आपल्या देशबांधवांना बजावता की हिंदुस्थानात यायचं असेल तर आपला धर्म रशियात ठेवून या. मुसलमान दोस्तांना शिव्याही घालता. त्यांनी सांगितलं होतं इथे आपल्याकडे न्यायजोगा खूप माल आहे. मिरी स्वस्त, रंग स्वस्त, हे खरं. पण जकात भरमसाट आणि समुद्रावर चाचे. आमच्या देशासाठी इथे काही नाही, असा निकाल तुम्ही देऊन टाकता.

प्रवासवर्णन म्हणून ही वही वाचणाऱ्यांना असली वाक्यं खटकतात. त्यांना सोनं, हत्ती आणि देवळं हवी असतात. मला वाटतं, चिखल, चंदी, जकात आणि भीती एवढ्या चार गोष्टींत या माणसाने जुन्नर जितकं खरं पकडलं तितकं पुढच्या कित्येक बखरींनी पकडलेलं नाही. त्याला इथे राज्य करायचं नव्हतं, कोणाला बाटवायचं नव्हतं, कोणाचा उद्धार करायचा नव्हता. त्याला घोडा विकायचा होता. पंढरीची वाट तेव्हाही वाहत होती. ती त्याच्या वहीत नाही. मराठी नावाच्या भाषेचाही उल्लेख नाही. ज्याने त्याचा खर्च वाढवला, पोट भरलं किंवा जीव घाबरवला, तेच आत आलं.

मरियामातेच्या सणाला, ऑगस्टच्या मध्यावर, तुम्ही जुन्नर सोडता. पाऊस अजून पुरता ओसरलेला नाही, पण आणखी थांबायची तुमची छाती नाही. बीदर महिन्याच्या वाटेवर.

तिथलं फार सांगत बसत नाही. आळंदला शेख अलाउद्दीनच्या उरुसाला घोड्यांचा केवढा बाजार भरतो ते तुम्ही बघता; वीस हजार घोडे येतात असं लिहिता. घुबड ज्या घरावर बसेल तिथे माणूस मरतो, हे इथल्या लोकांकडून ऐकता आणि नोंदवता. पण एक गोष्ट बदलते. इतके दिवस तुम्ही ख्वाजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होतात. बीदरला आल्यावर ओळख झालेल्या हिंदूंना तुम्ही खरं सांगून टाकता: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, नाव अफनासी. त्यानंतर ते तुमच्यापासून काही लपवत नाहीत. खाणं, देणंघेणं, पूजा, घरातल्या बायका, सगळं उघड. मग तुमच्या वहीत एकदम घरात शिरल्यासारख्या गोष्टी येतात. उजव्या हाताने जेवतात, सुरी नाही, चमचा नाही. दिवसातून दोनदा जेवतात. एका जातीचा दुसरीबरोबर खात नाही, पीत नाही; असे 84 पंथ आहेत. वाटेत प्रत्येकाचं भांडं वेगळं आणि प्रत्येकाची चूल वेगळी, आणि परक्याने भांड्यात डोकावलं तर त्यातलं अन्न टाकून देतील. जुन्नरच्या पडवीतले ते म्हातारे तुमच्याकडे नुसते का बघत होते, हे आत्ता कुठे तुमच्या ध्यानात येत असेल.

नाताळात तुम्ही बीदरला घोडा विकता. वर्षभर पोसला, त्याच्यापायी 68 नाणी खर्ची पडली, हे सगळं वहीत व्यवस्थित मांडलेलं आहे. बीदरच्या रस्त्यांवरून दोन पुरुष लांबीचे साप फिरतात, तेही आहे. घोडा केवढ्याला गेला तो आकडा तेवढा तुम्ही लिहीत नाही.